टाकीला हात लावू नकोस

६ मे

दादा,

नमस्कार. विनंती आहे आणि विशेषही आहे, म्हणून फोन न करता लिहायला बसले आहे. तसाही फोनवर अर्धा वेळ तुझं "काय? काय म्हणालीस?" यातच जातो. तीस वर्षं इंजिनांना कान लावलेस, त्यांनी ते खाऊन टाकले.

भोपळी आजारी आहे. मार्चमध्ये तू चार दिवस इथे राहून आमच्या या गवत कापायच्या मशीनची सगळी सर्व्हिस करून दिलीस, तेव्हा म्हणाला होतास, "बारके, आता दोन वर्षं हिच्याकडे बघायला नको." त्यानंतर ती शेडमध्येच उभी होती, कारण गवतच नव्हतं. आता गवत गुडघ्याला आलं. केंद्रातल्या पाण्याच्या टाक्यांवरचं सपाट गवत कापायचं, मग तो लांबलचक बांध. पहिल्याच दिवशी बांधावर चढले आणि वीस मिनिटांत बाईसाहेबांनी दम तोडला.

नीट सांगते, नाहीतर ओरडशील. सुरू लगेच होते. वीस मिनिटं झकास चालते. मग आवाज खाली जातो, एकदा वर येतो, परत खाली जातो आणि बंद. धूर नाही, खडखड नाही. दहा मिनिटं शिव्या देत बसलं की पुन्हा पहिल्यासारखी सुरू. परत वीस मिनिटं. टाकीत डिझेल काठोकाठ आहे.

साहेब म्हणाले, जूनच्या अखेरीस पाहणी आहे, त्याआधी बांध स्वच्छ दिसला नाही तर बाहेरची टोळी लावू आणि तू परत झाडूवर जा. तुला माहीत आहे, या मशीनवर बाई बसवायला इथे कुणी तयार नव्हतं. भांडारकाकांनी साहेबांना सांगितलं, "मी डिझेल देतो, मला कळतं कोण मशीन जपतं. हिला द्या." त्यांच्या एका शब्दावर मी त्या सीटवर आहे. त्यांची मान खाली जायला नको.

आणि हो, तुझं काम पक्कं होतंय असं दिसतंय. इथल्या सगळ्या यंत्रांसाठी कायमचा फिटर घ्यायचा आहे, मार्चमधलं तुझं काम साहेबांना आवडलंय. तेव्हा लवकर उपाय लिही. यात माझी अब्रू तर आहेच, तुझीही आहे.

तुझी,
बारकी

११ मे

बारके,

आशीर्वाद. पत्र वाचून हसलो. एवढ्याशा गोष्टीला घाबरलीस होय! हा डिझेल न पोचण्याचा रोग आहे. इंजिन धडधाकट आहे, त्याला फक्त खायला मिळत नाही. लिहितो तसं एकेक कर, दोन गोष्टी एकदम करू नकोस. नाहीतर कशाने बरी झाली ते कळणार नाही.

पहिलं, टाकीचं टोपण. त्याला सुईएवढं भोक असतं, त्यातून आत हवा जाते. ते बुजलं की डिझेल खाली यायला नकार देतं. बंद पडल्या पडल्या टोपण सैल कर. सुस्कारा टाकल्यासारखा आवाज आला तर चोर सापडला.

दुसरं, फिल्टर. मार्चमध्ये मी नवा घातला होता, तरी बदलून टाक. बदलल्यावर नळीत शिरलेली हवा काढायला विसरू नकोस. वरचा स्क्रू थोडा सैल करायचा, हातपंप मारत राहायचं, आधी फेस येईल, मग फेस संपून स्वच्छ डिझेल येईल, तेव्हा पंप मारता मारताच स्क्रू आवळायचा. घाई केलीस तर रुसून बसेल, सुरूच होणार नाही.

तिसरं, रबरी नळी. जुनी असली की बारीक चिरते आणि डिझेलऐवजी हवा ओढते. सांध्यांवरून बोट फिरव, ओलं लागतं का बघ.

एक गोष्ट मात्र करायची नाही. टाकीला हात लावू नकोस. तिचा खालचा नट झिजलेला आहे, मार्चमध्येच पाहिलं होतं. तुझ्याकडून फिरला तर टाकीच जाईल आणि साहेब तुलाच धरतील. टाकीत काही नाही. मी स्वतः धुतली आहे.

साहेबांना माझं नाव सारखं कानावर घालत राहा, पण भीक मागितल्यासारखं नको. वहिनी बरी आहे, तिचा गुडघा सोडून.

दादा

१७ मे

दादा,

तुझी तिन्ही औषधं पाजून झाली. रोगी तसाच.

टोपण सैल केलं. सुस्कारा नाही, उसासा नाही, काही नाही. भोक सुईने साफ केलं, तरी वीस मिनिटांत बंद. फिल्टर बदलला. हवा काढताना पहिल्या वेळी घाई केलीच, मग दुपारभर ती रुसली आणि मी तिच्या विनवण्या केल्या. दुसऱ्यांदा अगदी तुझ्यासारखं, एक हात पंपावर, एक स्क्रूवर, जीभ दातांत. फेस गेला, डिझेल आलं, सुरू झाली. बांधावर चढले, बावीस मिनिटं. म्हणजे दोन मिनिटांची प्रगती! नळी कोरडी ठणठणीत आहे.

परवा साहेब स्वतः घड्याळ घेऊन बांधाखाली उभे राहिले. बंद पडल्यावर नुसतं घड्याळाकडे बघितलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

काका रोज येऊन बघून जातात. काल म्हणाले, "सगळं पुढचं पुढचं बघतेयस, मागे टाकीत डोकावून बघ की एकदा." मी म्हटलं, दादाने नको म्हणून सांगितलंय, नट झिजलाय. त्यांनी वाकून नट पाहिला आणि म्हणाले, "मला तर धडधाकट दिसतो." मला जरा रागच आला. डिझेल मोजून देणं वेगळं आणि इंजिन कळणं वेगळं. बोलले नाही तसं, पण चेहऱ्यावर आलं असणार.

आता काय करू? पुढचं पत्र जरा लवकर टाक.

बारकी

२१ मे

बारके,

काकांचं टाकीबद्दलचं ज्ञान त्यांच्यापाशी राहू दे. तू बरोबर केलंस.

आता उरतं ते डिझेल. मला पहिल्यापासून शंका होती, लिहिलं नाही इतकंच. डिझेलमध्ये पाणी असलं की हीच तऱ्हा होते. तुमच्याकडे डिझेल पिंपातून येतं ना? पिंपाचं झाकण नीट नाही लावलं, की पाणी आत गेलंच म्हणून समज. काका चांगले असतील, मी कुठे नाही म्हणतो. पण वय झालं की माणसाचा हात सैल पडतो. पुन्हा तुला पुढे केलं म्हणून तू त्यांच्या उपकाराखाली आहेस, तुला दिसत असून दिसणार नाही.

एक काचेची बाटली घे, स्वच्छ धुऊन घे. पिंपाच्या तळाजवळून डिझेल काढून भर आणि रात्रभर हलवू नकोस. पाणी असेल तर सकाळी खाली वेगळं बसलेलं दिसेल. दिसलं तर बाटली तशीच उचलून साहेबांकडे ने. काकांना आधी सांगत बसू नकोस, ते सारवासारव करतील. मग टाकीतलं सगळं जुनं डिझेल वरूनच नळीने ओढून काढ आणि नव्या पिंपातलं भर.

हे तुझ्यासाठी सांगतोय. झाडूवर तुला जायचंय, त्यांना नाही.

दादा

२९ मे

दादा,

बाटलीत पाणी निघालं.

तळाशी बोटाच्या पेराएवढं नाही, त्याहून कमी, पण स्पष्ट. खाली गढूळ चकती आणि वर डिझेल. मी तशीच बाटली साहेबांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी काकांना बोलावलं. काकांनी बाटली उजेडात धरली, फिरवली आणि साहेबांकडे नाही, माझ्याकडे बघून विचारलं, "बाटली कोरडी होती का?" मी म्हटलं, स्वच्छ धुतली होती. ते म्हणाले, "धुतली होती ते कळलं. कोरडी होती का?" मला वाटलं, ही सारवासारव. तू लिहिलंच होतंस. मी साहेबांकडे बघितलं.

साहेब म्हणाले, पिण्याच्या पाण्याचं केंद्र आहे हे, इथे हलगर्जी चालणार नाही. किल्ल्या ठेवून जा. सव्वीस वर्षांची नोकरी, दादा. काकांनी जुडगा टेबलावर ठेवला, तोही वाजू न देता. दारात चप्पल घालताना त्यांना तोल सांभाळायला भिंत धरावी लागली. मी पुढे झाले नाही. का झाले नाही, कुणास ठाऊक.

त्याच दिवशी टाकीतलं डिझेल ओढून काढलं, नव्या पिंपातलं भरलं. भोपळी दोन तास सलग चालली! बांधाचा एक अख्खा पट्टा कापून झाला. सगळे म्हणाले, बघा, डिझेलच होतं. मला आनंद व्हायला हवा होता. जेवण गेलं नाही.

तुझी बातमी अशी, की साहेबांनी तुझ्या नावावर शिक्कामोर्तब केलं. पहिल्या जुलैपासून. "ज्याने पत्रातून रोग ओळखला तो समोर असल्यावर काय करेल," असं म्हणाले.

काकांच्या घरी जावं म्हणते. पाय निघत नाही.

बारकी

३ जून

बारके,

बातमी वाचून वहिनीने दोनदा पत्र वाचायला लावलं. इकडच्या कारखान्यातलं काम मी सोडून दिलंय, तेव्हा तारीख गाठायला अडचण नाही.

काकांचं मनाला लावून घेऊ नकोस. त्यांचं वय विश्रांतीचंच होतं. त्यांच्या घरी आत्ताच जाऊ नकोस, राग ताजा असतो.

महत्त्वाचं म्हणजे, भोपळी आता उभी ठेव. काम फार घेऊ नकोस. मी पंचवीस तारखेला येतो, आल्याबरोबर पहिली तिलाच खोलतो. एकटाच खोलीन. तोवर कुणालाही हात लावू देऊ नकोस. तूही नको.

दादा

९ जून

दादा,

पाहणी जूनच्या अखेरीस आणि तू म्हणतोस मशीन उभं ठेव. बांध काय कात्रीने कापू? मी चालवत राहिले. पाचव्या दिवशी ती परत बंद पडली. वीस मिनिटांत. नवं डिझेल, नवा फिल्टर, आणि तेच.

त्या वेळी मी तिच्यावर बसून राहिले आणि पहिल्यांदा तुझं पत्र डोक्यातून काढून स्वतः विचार केला. डिझेल पुढे पोचत नाही, मग पाठीमागून किती सुटतंय ते बघू. फिल्टरजवळची नळी काढली आणि बादलीत सोडली. आधी जाड धार आली. मग बारीक झाली, मग दोऱ्याएवढी, मग थेंब, मग बंद. टाकी अर्ध्याहून अधिक भरलेली होती! नळीला तोंड लावून फुंकलं, टाकीत गुडगुड झालं आणि धार पुन्हा जाड. परत बारीक. एवढी साधी तपासणी आहे, दादा. पाच मिनिटांची. ती तू मला तीन पत्रांत सांगितली नाहीस. तू, जो मला लहानपणी सांगायचास, की आधी बघ पाणी विहिरीत आहे का, मग मोटेला शिव्या दे.

मी टाकी उतरवली. नट एका हाताने सुटला, झिजला-बिजला काही नाही. आतून निळ्या चौकड्यांच्या कापडाचा वीतभर तुकडा निघाला, एका टोकाला पीळ दिलेला. जुनं डिझेल ओढून काढताना तो बाजूला सरकला असणार, म्हणून मधले चार दिवस ती चालली.

नळीचं उघडं तोंड दिसलं की घाण जाऊ नये म्हणून पिळाचा बोळा कोंबायचा, ही सवय मी दुसऱ्या कुणात पाहिली नाही. आणि ते कापड माझ्या जुन्या चादरीचं आहे. मार्चमध्ये शेडच्या पायरीवर बसून मीच फाडून देत होते तुला एकेक तुकडा, आणि तू काम करता करता वहिनीच्या नकला करत होतास.

विसरलास ते मी समजू शकते. माणूस विसरतो. मला एवढंच सांग, तुला कधी कळलं? दुसऱ्या पत्रात? पहिल्या? आणि बाटली धुवायला सांगितलीस, पुसून सुकवायला का नाही सांगितलीस? मी काल मुद्दाम कोरड्या बाटलीत त्याच जुन्या पिंपातलं डिझेल भरून रात्रभर ठेवलं. खाली काही बसलं नाही.

बारकी

१४ जून

बारके,

तुझं पत्र वहिनीच्या हाती लागू नये म्हणून लपवलं आहे.

खोटं आता काय लिहू? तुझं पहिलं पत्र वाचलं तेव्हाच कळलं. वीस मिनिटं चालते, दहा मिनिटं थांबते, एवढं वाचणं पुरे होतं. कारण अगदी हेच जानेवारीत इथे झालं होतं. कारखान्याच्या जनरेटरच्या टाकीत माझा बोळा निघाला. मी काम सोडलं नाही, मला काढलं. वहिनीला माहीत नाही, इतके महिने मी रोज डबा घेऊन बाहेर पडायचो, आता ती समजते तुमच्याकडचं काम मिळालं म्हणून सोडलं. हल्ली माझ्या ध्यानात राहत नाही, बारके. किती बोळे घातले, किती काढले, मोजतो आणि विसरतो. हे मी कुणाला सांगू? छप्पन्नाव्या वर्षी फिटरने सांगायचं, की माझ्या डोक्यातून गोष्टी गळतात?

म्हटलं, तिकडे येईन, गुपचूप काढून टाकीन, कुणाला कळणार नाही. मध्ये काका आले. मी त्यांचं वाईट चिंतलं नव्हतं. बाटलीचं मात्र खरंच राहून गेलं, शपथ घेऊन सांगतो.

आता एक ऐक. साहेबांना सांग, की तो बोळा तुझा होता. पुसताना तुझ्याकडून आत पडला. तू नवी आहेस, तुला माफ करतील, फार तर चार शब्द बोलतील. मला कुणी माफ करणार नाही, मला दुसरीकडे कुठे दार नाही. तुला मीच शिकवलं ना सगळं? एवढं एक माझ्यासाठी कर. तुझ्या पाया पडतो.

दादा

२२ जून

दादा,

तुझी सगळी पत्रं मी साहेबांच्या टेबलावर ठेवली. शेवटचंही. त्यांनी सगळी वाचून काढली, मी समोर उभी होते. तुझी जागा गेली, हे तुला ऑफिसच्या पत्रानेही कळेल. माझ्याकडून आधी कळावं म्हणून लिहिते. डोक्याचं डॉक्टरला दाखव. वहिनीला खरं सांग. तू नाही सांगितलंस तर मी सांगेन, आणि ते तुझ्यावरच्या रागाने नाही.

राग आहेच. तू केसाने गळा कापलास माझा. परक्याने केलं असतं तर मी आठ दिवस भांडून मोकळी झाले असते. तुझ्या प्रत्येक ओळीवर मी विश्वास ठेवला, कारण ती तुझी होती. नट झिजला म्हणालास, मी डोळ्यांसमोरचा नट पाहिला नाही. काकांचा हात सैल म्हणालास, मी त्यांचा सव्वीस वर्षांचा हात पाहिला नाही. आणि सगळं उघडं पडल्यावर तुला सुचलं काय, तर आता बारकीला पुढे कर. माझ्या जागी तू असतास आणि मी तुला असं लिहिलं असतं, तर?

साहेबांना लाज वाटली, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. त्यांनी माफीची चिठ्ठी लिहिली, किल्ल्यांचा जुडगा माझ्या हातात दिला आणि म्हणाले, तूच जा, काकांना मानाने परत घेऊन ये.

मी गेले. काकूंनी दार उघडलं, पण ये म्हणाल्या नाहीत. काका खिडकीशी खुर्चीचा पाय बसवत होते. मी सगळं सांगितलं, बोळा, बाटली, तुझी पत्रं, एक शब्द न लपवता. तुझं नाव घेऊन मी खूप बोलले. भावाने फसवलं, भावाने अंधारात ठेवलं, मला काय माहीत. रडलेही. त्यांनी ऐकून घेतलं. मग स्क्रू आवळता आवळता म्हणाले, "तुझ्या भावाचा मला राग नाही. तो मला ओळखत नव्हता. तू ओळखत होतीस."

मी चिठ्ठी आणि जुडगा त्यांच्यापुढे ठेवला.

चिठ्ठी त्यांनी घेतली, किल्ल्या घेतल्या नाहीत. परत येऊन साहेबांना सांगितलं, तर ते म्हणाले, मग आता तूच सांभाळ भांडार. सख्ख्या भावाविरुद्ध खरं बोललीस, इतकं प्रामाणिक माणूस मला दुसरं कुठे मिळणार! मी नको म्हटलं, त्यांना तो विनय वाटला.

बांध कापून झाला. भोपळी आता चार चार तास चालते. दुपारी मी भांडाराकडे जाते, तेव्हा जुडगा कमरेला वाजतो. तो आवाज इथे सगळ्यांच्या कानात सव्वीस वर्षं बसलेला आहे. फिल्टरघरातले, पंपावरचे, ऑफिसातले, हातातलं काम ठेवून वळून बघतात. त्यांना वाटतं, काका आले.

बहीण